काथ्याच्या गाठी

मित्रांनो, परसात भांडी घासायच्या दगडापाशी राखेने भरलेली जी ओठफुटकी बरणी दिसते, ती मी. नाकं मुरडू नका. तो हक्क माझा आहे, कारण तुम्हां माणसांच्या घरात मी जन्म काढला आहे.

वेंगुर्ल्याच्या बाजारातून गवतात लपेटून मी बैलगाडीने कट्टा गावी आले. माळ्यावर आम्ही बरण्या साऱ्या एका वळणाच्या, एका आईच्या लेकींसारख्या. घरधनीण मथुरा मला पुसताना म्हणे, "माजी राणी ती!" राणीच्या पोटात काय घातलं, कधी घातलं, हे मात्र तिच्या ध्यानात कधी राहिलं नाही. बेगमी करावी आणि कुजवावी, हाच त्या घराचा कुळाचार!

मग सून आली, आनंदी. तिने माझ्यात खारातले आंबे भरले, तोंडाला दादऱ्याचं फडकं बांधलं आणि आईने शिकवल्याप्रमाणे गळ्यात काथ्याची दोरी घातली. दर अवसेला ती दोरीला एक गाठ मारी आणि गुणगुणे:

"काथ्याक मारूं गाठ, अवस सरली गो,
जुन्याक आदी मान, नवी बरणी भरली गो."

माळ्यावरच्या काळोखातही बोटांना कळावं, थोरली कोण, धाकटी कोण. जिच्या गाठी जास्त, ती आधी रिकामी करायची. इतकं साधं. पण साधं कळायला मथुरेला सवड कुठली?

पुढच्या उन्हाळ्यात नव्या बरण्या चढवताना तिचा हात माझ्या गळ्याला लागला.

"अगो बाय माज्या! गाठी! करणी केल्यान हिणा!"

"आये, करणी न्हय ती," आनंदी कळवळली. "जुना खंयचा, ता कळाक बांधलंय."

"माज्या घरातला जुना-नवा माका कळता! तू शिकवतलंस?"

मथुरेने विळीवर दोरी कापली आणि चुलीत टाकली. लेकाला म्हणाली, "सदानंदा, चतुर्थीक हिच्या आवशीक बोलव. हिका कायमची कुळारा धाड." बायकोला जन्माचं माहेरी धाडायचं होतं, आणि कचेरीत शुद्ध मराठी झाडणारा हा सदानंद तोंडाला दादरा बांधल्यागत बसला. माझ्या तोंडाला निदान कामाचा तरी होता!

पावसाळाभर पुढच्या, नव्या बरण्या संपल्या. मी मागेच. आत खार नासत गेला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आनंदीची आई सावित्री लेकीला न्यायला आली. पेजेबरोबर आंबा वाढायला मथुरेने मोठ्या तोऱ्यात मला उघडलं. घाण अशी सुटली की मथुराच दचकली. मी तिच्या हातून निसटले आणि माझा ओठ फुटला.

सावित्रीने आत डोकावून विचारलं, "विहीणबाय, हिच्या गाठी खंय गेल्यो?"

मथुरा माजघरभर पाहत राहिली. चुलीकडे तेवढं पाहिलं नाही.

"बरणी फुटली, तर फुटली," ती शेवटी पुटपुटली. "आनंदी, चुलीर भात बघ गो." क्षमा नाही, काही नाही. पण आनंदीचं बांधलेलं बोचकं सुटलं.

माझे आंबे माडाच्या मुळाशी गेले. माझा वास गेला नाही, म्हणून माझ्यात राख आली. आता दर अवसेला मथुरा माळ्यावर चढते, स्वतः गाठ मारते आणि शेजारणींना सांगते, "आमच्या घरची जुनी रीत ही!" ऐका, मित्रांनो, ऐका!

तुमच्याही माळ्यावर कुणीतरी बरणी मागे, अंधारात वाट पाहत असेल. तिला आधी पुढे घ्या. आणि गाठ मारणारा हात घरात असेल, तर तो धरून ठेवा. राख काय, कुठल्याही चुलीत मिळते.