झाकणातली शक्ती

"एकेकानं या! धक्काबुक्की नको! शक्ती सगळ्यांना पुरून उरेल!"

दवाखान्यासमोरच्या पदपथावर ही भली मोठी रांग. रांगेच्या टोकाला जमिनीतल्या केबलच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण. त्यावर अनवाणी उभं राहिलं की तळपायापासून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. शेजारी उभे असलेले एक भगवे बुवा, सगळे त्यांना बाबा म्हणायचे, डोळे मिटून ओरडायचे, "आली! दुखणं खाली ओढून घेतेय बघा!" स्वतः मात्र लाकडी फळीवर उभे. का, तर म्हणे दोन शक्ती एकत्र आल्या तर शहर जळेल. काय तो थाट!

मी वायरमन. ती शक्ती कुठून आली, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. सोमवारी खड्डा मीच उघडला होता. झाकणाला आतून अर्थिंगची हिरवी वायर असते. झाकण उचलताना ती सोडायची, बसवताना पुन्हा आवळायची. नट चिखलात पडला, पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, उद्या बघू. आम्ही बहुतेक जण असंच करतो, झाकण बसलं की काम झालं.

उद्या काही उजाडला नाही. तीन दिवस मी मान खाली घालून तिथून जात होतो. बोललो असतो तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. सांगायला लाज वाटते, पण मला बाबांचा आधारच वाटत होता. लोक चमत्कार म्हणत होते, तोवर चूक कुणी शोधत नव्हतं.

गुरुवारी बाबांनी बादली आणली. "आज ओल्या पायांनी! गुण दहापट!" आणि पहिली पाय भिजवून पुढे सरकली ती माझी आई.

"आई, मागे हो!" मी तिचा दंड धरून ओढलं.

"तुला काय कळतं रे यातलं?" बाबा खेकसले.

"मलाच कळतं! खाली केबल सोललीय आणि झाकणाची वायर मी जोडलेली नाही. ती असती तर झाकणात वीज उतरताक्षणी फ्यूज उडाला असता. आता ती माणसांच्या पायांतून वाट काढतेय. ओल्या पायानं जीव जाईल!"

झाकणाला टेस्टर टेकवला. दिवा लागला. "बाबा, आता तुम्ही उभे राहा. फळी सोडून."

बाबा फळी काखोटीला मारून सटकले. लोक हसले. मी ऑफिसला फोन करून पुरवठा बंद करायला लावला.

आई हसली नाही. "काल मला म्हणालास, चप्पल काढू नकोस. म्हणजे तुला ठाऊक होतं. बाकीचे सगळे अनवाणी होते रे."



म्हणून हात जोडून सांगतो, लोखंडाला पाय लागून झिणझिण्या आल्या तर नमस्कार करू नका. मागे सरका, दुसऱ्यांना थांबवा, वीजवाल्यांना फोन करा. आणि आम्ही झाकण बसवून निघालो की विचारा, वायर जोडली का? आम्ही चिडू. तरी विचारा.