आत्याने काढून घेतलेल्या गोळ्या

नान्तुमेने भाचीच्या उशाशी गोळ्यांची बाटली पाहिली आणि ती झटकन उचलून घेतली.

"नाबोसा, हे मलेरियाचं औषध ना गं? आमच्या वेळच्या पोरी पोट पाडायला हेच मूठभर गिळायच्या!"

"आत्या, मी मूठभर नाही घेत. माझा तो सांधे नि मूत्रपिंडं खाणारा आजार, लुपस, यानंच दबून राहतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल हवं असेल तर एक दिवसही चुकवायचं नाही."

"त्यांचं काय जातंय? दोन गेली तुझी. हे पोटातलं तरी जगू दे."

मसाका गावाकडच्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या पोरीचं बाळंतपण आत्याच्या हाती. आईचंसुद्धा तिथे काही चालत नाही. नान्तुमेने बाटली कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि झाडपाला घालून वळलेली, पोटुशींना पाजायची मातीची कांडी उगाळायला घेतली. पोरीवर जीव होता तिचा, तोच नडला.

"मातीच प्यायची, तर अंगणातली काय वाईट होती?" नाबोसा हसून म्हणायची आणि वाटी रिकामी करायची.

मग तिची बोटं आखडली, गालांवर काळे चट्टे उठले, पाय सुजले. "पोटुशीचे पाय सुजायचेच," नान्तुमे म्हणाली. दवाखान्यात नेलं तोवर मूत्रपिंडं बिघडली होती आणि सातव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं होतं.

"गोळ्या बंद केल्या होत्यास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नान्तुमेने पट्ट्यात अजून खोचलेली बाटली हाताने झाकली.

"मीच केल्या," नाबोसा म्हणाली. "कंटाळा आला होता."

"शिकलेली पोर तू, आणि असं करतेस? आजपासून पुन्हा सुरू कर, नाहीतर तूही हातची जाशील." बाई बरंच बोलल्या. नाबोसाने मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं काय ते नान्तुमेने सांगितलं नाही, आणि त्या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई गेल्यावर तिने पट्ट्यातून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि खाटेशी गुडघे टेकले. इथे भाचीने आत्यापुढे गुडघे टेकायचे असतात. सांधे ठणकत असतानाही नाबोसा दर वेळी दारात टेकायची. उलटं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"ऊठ आत्या, वॉर्डातल्या बायका बघतायत."

"बघू देत. तू आधी घे."

नाबोसाने गोळी तोंडात टाकली आणि ती पाणी प्यायली.

"कडू आहे गं," ती म्हणाली, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा रडली.