बरोबर चार मिनिटं

मंगळवारी सकाळी, भर सरावात, टेपरेकॉर्डरने कॅसेट गिळली. ड्रिलच्या सरांनी झाकण उघडलं, तर आत तपकिरी फितीचा नुसता गुंता. समोर पटांगणात चौथीची चाळीस मुलं हातात रिंगा धरून उभी, आणि कार्यक्रम शनिवारी!

घरी आल्या आल्या सरांनी टेपरेकॉर्डर कोपऱ्यात टेकवला आणि मुलीपुढे कॅसेटचं कव्हर ठेवलं. "हे कुठे मिळेल का गं?"

"नेटवर बघू," म्हणत तिने लॅपटॉप उघडला. संगीत विकणाऱ्या एका साइटवर ती धून सापडलीसुद्धा. सीडी यायला नऊ दिवस, डाउनलोड मात्र लगेच.

"सीडीच बरी. हातात धरता तरी येते."

"धरा की बाबा. कार्यक्रम होऊन पाच दिवस झाल्यावर."

मुलीने पैसे भरले, फाइल उतरवून घेतली आणि वाजवली. दहा सेकंदांत सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही आपली धून नव्हे. ही तर मागे कुत्रं लागल्यासारखी पळतेय. पैसे परत माग."

"नाव तेच, वाद्यवृंद तोच, चित्रसुद्धा तेच आहे."

"मला सांगतेस? बारा वर्षं ऐकतोय. साडेचार मिनिटांची आहे ती. घड्याळ लावून मोजलीय मी."

मुलीने कव्हर दिव्याखाली धरलं. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. "इथे चार मिनिटं छापलंय. आणि फाइलही बरोबर चार मिनिटांची आहे." तिने कोपऱ्यातल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "बाबा, धून पळत नाहीये. तुमचं मशीन बारा वर्षं पेंगत होतं!"

सरांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. पण मुलांचे पाय त्या पेंगणाऱ्या चालीवर बसलेले, आणि हातात उरलेले तीन दिवस. मुलीने कॉम्प्युटरवर धून हळू करून दिली. तरी सरांनी फोनमध्ये दोन्ही घेतल्या.

बुधवारी त्यांनी मुलांना खरं काय ते सांगून टाकलं आणि आधी खरी धून लावली. व्हायचं तेच झालं. वळताना रांगा एकमेकींवर आदळल्या.

"सर, गाणं पळतंय!"

"पळू दे. तुम्ही पुढे चला."

मग रिंग फेकायची वेळ आली. रिंग डोक्यावर उडवायची आणि मोठ्या ढोलाच्या ठोक्याला बरोबर झेलायची. बारा वर्षांत हे कधी जमलं नव्हतं. रिंग आधी हातात यायची, ढोल मागून वाजायचा. सर ओरडायचे, "उंच फेका रे! जेवून आलात ना?" मुलं उंच फेकायची आणि रिंगा कुणाच्याही डोक्यात पडायच्या.

आज रिंगा वर गेल्या, खाली आल्या आणि धडाम्! झेललेल्या चाळीस रिंगा, ठोका एकच. मुलंच दचकली.

"परत, सर! परत!"

सरांनी मुद्दाम हळू धून लावून पाहिली. रिंगा हातात येऊन मुलं ताटकळली, मग ढोल आला. पहिल्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली, "सर, मशीन झोपलं म्हणून रिंग थोडीच हळू पडणार?"

"नाही पडणार, बाळा. एवढं मला बारा वर्षांत सुचलं नाही."

"म्हणजे तुम्ही आम्हाला उगाच ओरडत होतात?"

"उगाच. अगदी उगाच."

पटांगणभर आनंदीआनंद झाला. सरांची चूक सापडणं म्हणजे सुट्टी मिळण्याइतकंच की! सरांनी हळू धून फोनमधून पुसून टाकली, कमरेतून वाकायचे दोन प्रकार गाळले, आणि तीन दिवस मुलं घामाघूम होऊन धावली.

शनिवारी तिसऱ्या रांगेतले दोघं उलटे वळले आणि एकमेकांकडे बघत बसले. पण रिंगा तीनदा उडाल्या आणि तीनही वेळा ढोलाच्या ठोक्यालाच हातात आल्या. तिसऱ्या वेळी बघणाऱ्यांनीसुद्धा श्वास रोखून धरला होता.

रविवारी सर चहाचा कप घेऊन मुलीशेजारी खुर्ची ओढून बसले. "आता पाचवीच्या डंबेल्सची धून शोध बरं."

"ती कशाला? तिची कॅसेट धड आहे ना?"

"कॅसेट धड आहे गं. आणखी कुणाकुणाला उगाच ओरडलोय ते बघायचंय."

साइटवर तीस सेकंदांचा नमुना फुकट ऐकता येत होता. मुलीने तो लावला. सर ऐकत राहिले, आणि टेबलाखाली त्यांचा पाय नेहमीपेक्षा जलद ठेका धरू लागला.