ड्रमसेटचं स्वतःचं तोंड

क्वार्तेंगमामांच्या बँडमध्ये माणसाची परीक्षा वाजवण्याआधीच सुरू होते, सामान मांडताना. त्या शनिवारी परीक्षा बिरागोची होती. आमचा जुना ड्रमर लग्न करून राजधानीला, अक्राला पळाला, म्हणून चर्चमध्ये वाजवणारी ही पोरगी आणलेली. "चांगलं वाजवलंस तर बँडमध्ये कायमची, नाही तर परत पाद्रीबाबांकडे," असं मामांनी गाडीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मामांना हळू बोलता येत नाही. त्यांचा गळाच मुळी स्पीकरच्या पेट्या लावून जन्मलेला.

बेक्वाईच्या वाटेवरचं गाव. नव्वदी ओलांडलेल्या एका म्हातारीचं उत्तरकार्य. अशा माणसाला आमच्याकडे रडून नाही, नाचून पोचवतात. मांडवाखाली काळ्या-लाल कपड्यांची नुसती गर्दी. बिरागोनं पायानं वाजवायच्या मोठ्या ढोलात घडी केलेलं ब्लँकेट कोंबलं, स्नेअरच्या, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ढोलाच्या, कातड्यावर चिकटपट्टी लावली, बाकीचे ढोल चावीनं सैल केले.

"हे काय? झोपायला आलीयेस का?" मामा म्हणाले.

"माइकला नुसता ठोका लागतो, मामा. मागची घुमघुम त्याला पचत नाही. नंतर तुम्हीच म्हणाल, गाणं ऐकू येत नाही."

"पोकुआ, ऐकलंस? आता ही मला शिकवणार!"

मी घंटा वाजवते आणि गप्प बसते. एवढ्या भांडवलावर या बँडमध्ये इतकी वर्षं टिकलेय.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गावच्या नानांची, म्हणजे राजाची, छत्री दिसली आणि दरबारी नगारे बोलायला लागले. ते नगारे नानांच्या पूर्वजांची नावं घेतात. त्या वेळी आमच्याकडे बोकडसुद्धा तोंड मिटतो. मांडव उठून उभा राहिला. उभे नव्हते ते एकटे मामा. कानांवर हेडफोन चढवून ते पेट्यांचा आवाज जुळवत वाकलेले.

"हाण गं! मोठा ढोल हाण!"

"मामा, बाहेर नगारे—"

"काही ऐकू येत नाही! हाण म्हणतो ना!"

परीक्षेला बसलेली पोर. हाणला तिनं. पेट्यांतून असा धमाका निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि नगारे मध्येच थांबले.

सोनेरी मुठीची काठी घेऊन नानांचा बोलका आला. आमच्याकडे राजा स्वतः बोलत नाही, त्याचा बोलका बोलतो. "आमच्या नानांच्या आज्यापणज्यांना मध्येच तोडणारा कोण?"

मामांनी हेडफोन काढले, चारी दिशांना पाहिलं आणि बिरागोकडे बोट केलं. "पोर नवी आहे. चर्चमधली आहे. तिला काय कळतंय!"

बिरागो मामांकडे बघत राहिली. मी मात्र ते बोट मामांच्या खात्यावर मांडून ठेवलं.

बोलका नानांपाशी जाऊन परत आला. "दंड म्हणून पूर्वजांच्या तर्पणाला दारूची बाटली बँडनं द्यायची. आणि त्या पेट्या बंद. राणीआईंना नाचायचंय, तेव्हा वाजवा. पण ढोलांनी स्वतःच्या तोंडानं बोलायचं."

मामा खुर्चीत कोसळले. "संपलं. पेट्यांशिवाय एवढ्या गर्दीत काय ऐकू जाणार? आणि तुझंही संपलं गं, पोरी."

पोरगी ऐकायला होतीच कुठं! ती गुडघ्यावर बसून ढोलातलं ब्लँकेट ओढत होती. चिकटपट्टी फाडून फेकली. चावी इकडे फिरव, तिकडे फिरव, बोटानं टिचकी, कान लावून पुन्हा चावी. "पोकुआमावशी, धरा! तो ढोल त्या सिमेंटच्या भिंतीपुढे. भिंत आवाज परत फेकेल. गाणाऱ्यांनो, माझ्या पुढ्यात या, अगदी चिकटून! ट्रम्पेटवाले, तुम्ही मागं सरका, तुम्हाला पेटी लागत नाही."

"आणि मी?" गिटारवाल्या ओफोसूनं विचारलं. त्याची गिटार तर वायरवरच जगणारी.

"तुम्ही दात दाखवा, ओफोसूभाऊ. तुम्हाला शोभतं."

मांडवात हशा पिकला. मामाही हसले असते, पण त्यांचा डोळा नानांच्या छत्रीवर होता.

तिनं जाड काठ्या बाजूला ठेवून बारीक काढल्या, झांजांवर हात हलका ठेवला आणि सुरुवात केली. आई गं! मघाचा तो मुका ठोका आता पोट फुगवून बोलत होता. खालून मातीतून येऊन तळपायाला गुदगुल्या करत होता. माझी घंटा त्याच्यावर आपोआप चढली. शेवटच्या रांगेतला म्हातारा मान डोलवायला लागला, तेव्हा मी ओळखलं, आवाज पोचला. गाण्याचा शब्द न् शब्द कळत होता. पेट्यांच्या गोंगाटात आमच्या गायकांना कच्चा सूर लपवायची सवय, त्यांना आज घाम फुटला आणि ते चक्क सुरात गायले!

राणीआई, म्हणजे नानांच्या घराण्यातल्या थोरल्या बाई, उठल्या. हळूहळू, खांदे सावरत, रुमाल फिरवत त्या नाचत पुढे आल्या, पार भिंतीपर्यंत. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी उचलली आणि बिरागोच्या डोक्यावर धरली. हे वरच्या माणसानं खालच्याला दिलेलं शाबासकीचं लेणं. मांडव ओरडला. मीही ओरडले, ताल सोडून, आणि बिरागोनं मला डोळ्यांनीच दटावलं.

गाणं थांबलं तसा बोलका पुन्हा आला. "नाना म्हणतात, राग गेला. आता पेट्या लावायला हरकत नाही."

ओफोसू वायर घेऊन धावला. मामांनी त्याला मागून सदऱ्याला धरलं.

"थांब. आधी ड्रमरला विचार."

"कोणत्या?" ओफोसू बावळटासारखा म्हणाला.

"कोणत्या म्हणजे? आपल्या!" मामा गरजले. मग बिरागोपाशी जाऊन, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाले, "मघाशी बोट माझ्याकडे वळायला हवं होतं. बोल, पेट्या लावू का?"

बिरागोनं घाम पुसला. "पुढच्या शनिवारी लावू, मामा. आज अशीच मजा येतेय."

आणि मामांचं उत्तर येण्याआधीच तिनं पुढच्या गाण्याला हात घातला.