तीन सेकंद

वंध्यत्व केंद्राच्या टाकीत त्या बीजदात्रीच्या दोनच नळ्या उरल्या होत्या. एका नळीत दोन, अशी एकूण चार गोठवलेली बीजं. आठ वर्षांपूर्वी ती प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंनीच गोठवली होती. त्याच खेपेतल्या एका बीजातून झालेली मुलगी आता पहिलीत होती, आणि तिची आई तिला भावंड हवं म्हणून नवऱ्यासोबत बाहेर बाकावर बसली होती. भावंड त्याच दात्रीचं हवं होतं आणि दात्री आता पुन्हा बीज देणार नव्हती. चार म्हणजे चारच.

नळीवरचा क्रमांक दोघींनी मोठ्याने वाचायचा, तोही नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली ठेवून; क्षणभर हवा लागली तरी बीजं दगावू शकतात. या एका नियमासाठी ताईंनी कितीतरी नवशिक्यांचे कान उपटले होते. धाकटी डॉक्टर त्यांतलीच.

पहिली नळी बिनबोभाट झाली. दुसरीचा शेवटचा आकडा वाफेत एक वाटला, मग सात वाटला. डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूची साय धरल्याचं ताईंनी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला एकच वर्ष होतं. त्यांनी नळी वर उचलली, आकडा वाचला आणि ती कोमट द्रावात सोडली.

"ताई, बाहेर काढलीत तुम्ही," धाकटी हळूच म्हणाली.

"किती वेळ?"

"सेकंदभर असेल."

"तीन. मी मोजले."

धाकटीने दाराकडे पाहिलं. आपण दोघीच आहोत, वितळताना बीजं तशीही दगावतात, गोठवण्यातच काही बिघडलं असेल असं म्हणता येईल, असं ती एका दमात बोलून गेली.

"गोठवलीही मीच होती गं," ताई म्हणाल्या.

हातमोजे काढून त्यांनी नोंदवहीत लिहिलं: दुसरी नळी, हवेत तीन सेकंद. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण बाहेर जाऊन सांगण्यापासून ताईंना अडवलं नाही.

आईने सगळं, ताईंच्या डोळ्याचंही, ऐकून घेतलं. जगली की मेली हे कधी कळेल, एवढंच विचारलं. दोन तासांनी, ताई म्हणाल्या. जगलेली बीजं पुन्हा भरून गोल होतात. नवरा मात्र उठून उभा राहिला.

"दिसत नाही तर हे काम करता कशाला?"

"आजपासून नाही करणार."

तो काही बोलणार होता, पण बायकोने त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. मग जरा सरकून तिने ताईंनाही बाकावर जागा करून दिली. तिघं तशीच बसून राहिली. मुलगी शाळेतून साडेतीनला सुटते, असं आई मध्येच म्हणाली.

दोन वाजून वीस मिनिटांनी धाकटीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि बाहेर येऊन वहीतून वाचून दाखवलं. पहिल्या नळीतली दोन्ही जिवंत. दुसऱ्या नळीतलं एक.