कोटाला कसर लावली ती मीच

मी एक जुना स्वेटर आहे. माझं वय चौऱ्याहत्तर, आणि मित्रांनो, मी खोटं फार थोडं बोलतो. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या एफीने मला पाच सुयांवर विणलं. निळी तेलकट लोकर, आणि वीण एवढी घट्ट की लाट अंगावर यायची ती आधी माफी मागून. विणताना तिने प्रेमाची खूण म्हणून आपला एक केस माझ्यात गुंफला आणि मला दिलं काळ्या नीलच्या लाखलनला; आमच्याकडे माणूस असा आई-बापाच्या नावाने ओळखतात. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा कोळी होता. गावची आणखी अकरा पोरं त्याच्यासोबत बोटींवर असायची. एकदा आम्ही इतके हेरिंग पकडले की बोटच दिसेना. लाखलन माशांच्या ढिगावर बसून वल्हवत घरी आला. खोटं वाटतं? एफीला विचारा. ती आता नाही, म्हणून मीच सांगतो.

मग युद्ध लागलं. आरमाराने लाखलनला बोलावलं आणि एक कोट दिला, पितळी बटणांचा. कोट सहा वर्षं जग बघत फिरला, मी पेटीत. गावातून बारा जण गेले होते, परत आला एकटा लाखलन. कोटाच्या छातीवर पदकं लटकत होती.

त्यानंतर साठ वर्षं राबलो मी. भिजलो मी, खवले चिकटले मला. आणि लाड कुणाचे? कोटाचे! त्याला कपाट, त्याला डांबराच्या गोळ्या. मला दारामागचा खिळा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी कोट अंगावर चढायचा आणि लाखलन युद्धात गेलेल्यांसाठी बांधलेल्या गावच्या स्मारकापाशी जायचा. "काय रुबाब आहे!" बायका म्हणायच्या. रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे दोरीवर कपडासुद्धा घालत नाहीत, म्हणजे मला वाराही नाही. मी खिळ्यावर नुसता जळायचो.

स्मारकापाशी लाखलनचं एक काम असायचं. दगडावर नावं कोरलीत ती इंग्रजीत. एन. मॅकलाउड, एन. मॅकलाउड, पुन्हा एन. मॅकलाउड. यातला कोण कुणाचा, काय कळणार? लाखलन त्यांची घरची, आमच्या गेलिक भाषेतली नावं म्हणायचा, कागदाशिवाय. बाकी ज्यांना ती येत होती ते एकेक करून मातीत गेले होते.

लाखलन ब्याण्णव वर्षांचा झाला, त्या वर्षी माझ्याकडे कसर आली. तिने एक घास घेतला आणि थुंकली. साठ वर्षांचं माशाचं तेल, दुसरं काय होणार?

"बाई गं, इथे कशाला दात झिजवतेस?" मी म्हटलं. "कपाटात जा. गोळ्या कधीच्या विरल्यात. आत पक्वान्न टांगलंय."

हो, सांगितलं मी. मग?

नोव्हेंबरातला तो रविवार उजाडला. लाखलनच्या मुलीने, शीनाने, कोट बाहेर काढला आणि किंचाळलीच. "बाबा, हा कोट नाही, जाळं आहे हे!"

शेजारचा मर्डो गाडी घेऊन दारात उभा. "लाखलनकाका, माझा कोट देऊ?"

"तुझ्या कोटात मी मावेन, माझी बोटही मावेल," लाखलन म्हणाला आणि खिळ्याकडे वळला.

"हा घालणार? लोक म्हणतील, म्हातारा मासे विकायला आलाय!"

"शीना, त्या पोरांनी मला कधी कोटात पाहिलंय? त्यांनी मला ओळखायला नको?"

मित्रांनो, गाडीत मी असा फुगलो होतो की काय सांगू! कपाटाकडे बघून हसायचंच राहिलं होतं.

स्मारकापाशी वारा सुटला होता. लाखलनने टोपी काढली. "लंगड्या कॅलमचा नॉर्मन. विणकर पेगीचा नॉर्मन. खाडीपलीकडचा नॉर्मन..." एकेका नावाला माझ्याखाली त्याच्या फासळ्या थरथरत होत्या. मला वाटायचं, कोट मिरवायला जातो. तो तर दर वर्षी हे एवढं छातीशी धरून उभा राहत होता, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलत नव्हता. मला लाज वाटली. आणि खरं सांगू? याचाही हेवा वाटला. इतकी वर्षं हे माझ्या वाट्याला का आलं नाही?

सातव्या नावाला लाखलन अडला.

"थांबा. येतंय." त्याने माझी बाही मुठीत धरली. सगळे थांबले. मला नाव येत होतं! त्या पोराने एकदा याच बाहीत गळ अडकवला होता आणि पोट धरून हसला होता. मी ओरडलो. पण माझं बोलणं कसरीला कळतं, माणसांना नाही. लाखलन तसाच आठव्या नावावर गेला.

परतताना शीना म्हणाली, "बाबा, आज सगळी नावं लिहून काढू या."

"आज रविवार. वही काढायची नाही."

"मग उद्या."

"उद्या, परवा. मी कुठे पळून चाललोय?"

फेब्रुवारीत लाखलन गेला. वही कोरीच राहिली.

या नोव्हेंबरात शीना मला घालून स्मारकापाशी उभी होती. मर्डोने दगडावरची नावं वाचली. एन. मॅकलाउड. एन. मॅकलाउड. एन. मॅकलाउड. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ओळखलं कुणीच कुणाला नाही.

मित्रांनो, मला आता कोटाचा हेवा वाटत नाही. तुमचा वाटतो. तुम्ही बोललात की माणसांना कळतं, आणि घरात विचारायला म्हातारी माणसं आहेत. त्यांना नावं विचारा. आजच विचारा, वार बघू नका.

आणि माझं एवढं काम करा. सातवं नाव होतं, टेकडीवरच्या मेरीचा आंगस. एकदा मोठ्याने म्हणा.