पान मुडपायचं नाही

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या दफ्तरात कागद हिंदीत चालत आणि भांडणं मराठीत. शाळा सगळ्यांचीच हिंदीत झालेली. म्हणून आवक-जावक सांभाळणाऱ्या अर्चनाबाईंनी दर बुधवारी, डबे आटोपले की मराठी वाचनाचं मंडळ सुरू केलं. पुस्तकं त्यांच्याच कपाटातली. पान मुडपायचं नाही, हा कडक नियम. कोणी कोपरा दुमडला की बाईंचा पारा चढे. मग हाताला लागेल तो कागद खूण म्हणून पुस्तकात जाई. पुढच्याने ती खूण आधी मोठ्याने वाचायची, म्हणजे कोणी कुठे दम सोडला ते कळे आणि त्याची यथेच्छ थट्टा होई.

आज पाळी उषाची होती. तिचा नवरा इथेच चपराशी होता. तो गेल्यावर त्याच्या जागी नोकरीसाठी तिने अर्ज दिला. पण तो मुदतीत आलाच नाही, असं अर्चनाबाईंनी रजिस्टर दाखवून साहेबांना सांगितलं आणि प्रकरण बंद झालं. "तुमच्याच हातात देल्ला होता, मॅडम," असं उषा वर्षभर म्हणत राहिली. कोणाला पटलं नाही. रोजीवर पाणी भरायचं काम तेवढं तिला मिळालं.

तिने कपाटातली जाडजूड कादंबरी उचलली होती. मधोमध घडी घातलेला कागद निघाला.

"वाच बाई, पाहू कोण हारला थे!" गुणवंता बाबू हसले.

उषा अडखळत वाचू लागली. "सेवा में, श्रीमान... विषय, अनुकंपा नियुक्ति हेतु आवेदन. आवेदिका, उषा, पति स्वर्गीय संदीप..."

कोणीच हसलं नाही.

ती दुपार अर्चनाबाईंना लख्ख आठवली. कादंबरी रंगात आली होती, तेवढ्यात उषा आली. त्यांनी शिक्का मारला, सही केली, नोंद नंतर करू म्हटलं. आतून हाक आली आणि पान मुडपू नये म्हणून त्यांनी हातातलाच कागद पुस्तकात घातला. ती कादंबरी पुन्हा उघडलीच नाही. आणि या बाईला आपण साऱ्या दफ्तरासमोर खोटं पाडलं.

वीरेंद्र साहेबांनी कागद मागून घेतला. "शिक्का आहे, तारीख मुदतीतली आहे. सही कोणाची आहे?"

उषा अर्चनाबाईंकडे पाहत राहिली.

सही अशी गिचमिड होती, की ओळखू येत नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. बाईंच्या जिभेवर ते आलंही.

"माझी आहे," त्या म्हणाल्या.

"मंग केस पुन्हा उघडा लागन," साहेब म्हणाले. "अन् तुमच्यावर चौकशी बसन, मॅडम."

उषाने कागद परत घेतला आणि छातीशी धरला. मग पुस्तक मिटण्याआधी तिने त्या पानाचा कोपरा दुमडला, वरून अंगठा फिरवून घडी पक्की केली आणि पुस्तक अर्चनाबाईंपुढे ठेवलं.

"आता कागद नका ठेवू यात," ती म्हणाली.